सायकलची हत्यारे आणि अंगावरचे सामान : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

आमच्या दुकानातून नवी सायकल नेलेले ग्राहक पहिल्या सर्व्हिसिंगला येतात तेव्हा बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. घरी ठेवायला चार हत्यारे घ्यायची आहेत. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर अ‍ॅलन कीचा (बोल्टच्या षटकोनी खाचेत बसणाऱ्या चाव्यांचा) जो संच अगदी किरकोळ किमतीत मिळतो, तसाच दिसणारा संच तुमच्याकडे कितीतरी पट महाग का? हाच प्रश्न पुढे हेल्मेट, दिवे, रेनकोट आणि कुलुपापर्यंत जातो. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचे पुरेसे उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे. काही वस्तू चांगल्यातल्याच घ्याव्यात असे यात सांगितले आहे आणि काहींवर जास्त पैसे घालू नयेत असेही सांगितले आहे, मग त्या महाग वस्तू आमच्या कपाटात विक्रीला असल्या तरी.

आम्ही स्वतः हत्यार विकत घेताना एकच गोष्ट पाहतो: ते बिघडले तर नुकसान कोणाचे होईल? स्वस्त टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) मोडला तर लिव्हर गेला, दुसरा आणता येतो. स्वस्त अ‍ॅलन की मात्र बोल्टात फिरली तर ती एकटी जात नाही. बोल्टचे डोके घेऊन जाते, आणि तो बोल्ट ज्या भागात बसला आहे तो भागही कधी कधी हातचा जातो. जे हत्यार सायकलच्या धातूला जोर लावून धरते त्यावर पैसे घालावेत, बाकीच्या ठिकाणी हात आखडता घेतला तरी चालतो.

अ‍ॅलन कीपासूनच सुरुवात करतो, कारण आमच्या बाकावर येणाऱ्या बिघाडांपैकी पुष्कळसे तिच्यामुळे झालेले असतात. बोल्टच्या षटकोनी खाचेत कीचे सहा कोपरे टेकतात आणि सगळा जोर त्या सहा कोपऱ्यांवरच येतो. पोलाद मऊ असले किंवा कीचे माप केसभर कमी असले की कोपरे गोल होतात, की खाचेत फिरू लागते आणि खाचही गोल करून टाकते. मुंबईत हे लवकर घडते. खारी हवा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस यांमुळे बोल्ट आपापल्या जागी गंजून घट्ट बसतात, त्यामुळे कोरड्या हवेच्या गावात सहज सुटणाऱ्या बोल्टला इथे दुप्पट जोर लागतो. गेल्या पावसाळ्यानंतर एका ग्राहकांची सायकल आमच्याकडे आली. हँडल धरणाऱ्या स्टेमचा एक बोल्ट घरच्या कीने गोल झालेला होता. ड्रिल लावून तो काढण्यात आमची सबंध सकाळ गेली आणि शेवटी स्टेमही बदलावा लागला. त्या एका दुरुस्तीच्या पैशांत उत्तम प्रतीचा संच आला असता, आणि तो पुढे अनेक वर्षे पुरला असता.

चांगली की ओळखण्यासाठी तिच्यावरच्या ‘क्रोम-व्हॅनेडियम’ या अक्षरांवर विसंबून राहू नये. ती अक्षरे कोणत्याही पोलादावर ठोकता येतात. की बोल्टात पूर्ण आत घालून डावी-उजवीकडे हलवून पाहावी. ती खडखडली तर घेऊ नये. टोकाशी धार आणि कोपरे स्वच्छ, एकसारखे कापलेले असावेत. काही संचांत लांब बाजूचे टोक गोळ्यासारखे असते. ते तिरक्या कोनातून बोल्ट फिरवण्यापुरते आहे, शेवटचा ताण त्या टोकाने देऊ नये. ४, ५ आणि ६ मिलीमीटर या तीन मापांत घरची बहुतेक कामे होतात, त्यामुळे ज्यांना संपूर्ण संच परवडत नाही त्यांनी या तीनच कीज चांगल्या घ्याव्यात. डिस्क ब्रेक असेल तर रोटरच्या, म्हणजे ब्रेकच्या चकतीच्या, बोल्टसाठी बहुधा टी-२५ मापाची टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची) कीही लागते.

पान्ह्यांच्या बाबतीत सायकलसाठी खास म्हणून मिळणाऱ्या महाग मालाची गरज नाही. टपारियासारखे आपल्याकडचे साधे रिंग आणि फिक्स पान्हे नटावर नीट बसतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. टाळायचा तो कमी-जास्त होणारा स्क्रू पान्हा. त्याचा जबडा थोडा सैल राहतोच आणि नटाचे कोपरे खातो. पेडलसाठी १५ मिलीमीटरचा पान्हा लागतो, मात्र तो पातळ आणि लांब दांड्याचा हवा. जाड पान्हा पेडल आणि क्रँक (पेडल जोडलेला दांडा) यांमधल्या फटीत जात नाही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते. हे ठाऊक नसल्याने जोर लावून क्रँकचे आटे घालवलेल्या सायकली आमच्याकडे येत राहतात, आणि तिथे हत्यार महाग होते की स्वस्त याने काही फरक पडलेला नसतो.

गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या डिरेलरवर जे बारीक फुलीचे स्क्रू असतात ते बहुधा जपानी मापाचे असतात. घरातला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण ताण आला की वर उचलला जातो आणि फुली खराब करतो. जपानी मापाचा एक ड्रायव्हर फार महाग नसतो. तो जरूर घ्यावा. चाकाच्या आऱ्या ताणणाऱ्या स्पोक कीचेही असेच आहे. बाजारात एक गोल चकती मिळते, तिच्या कडेला आठ-दहा मापांच्या खाचा असतात. त्यातली एकही खाच निप्पलवर (आरीच्या टोकाच्या नटावर) घट्ट बसत नाही. निप्पलची नेहमीची मापे ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलीमीटर अशी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की अंदाजाने निवडलेली की निप्पल गोल करणारच. आपल्या चाकाला लागणाऱ्या एकाच मापाची चांगली की घ्यावी, किंवा रिमचा वाक काढायचे काम आमच्याकडे सोपवावे.

फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या चाकाचे दाते) काढण्याची, बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या आसाची) आणि हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगची) हत्यारे बहुतेकांनी विकत घेऊच नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. ती वर्षातून एखाद्या वेळी लागतात, प्रत्येक बनावटीला वेगळी लागतात, आणि चुकीचे हत्यार लावले तर फ्रीव्हीलच्या खाचा तुटून ते चाकावर कायमचे अडकते. ताण मोजून देणाऱ्या टॉर्क पान्ह्याचा निर्णय मात्र सायकल कशाची आहे त्यावर ठरतो. स्टेमच्या बोल्टला साधारण ५ न्यूटन-मीटर एवढाच ताण द्यायचा असतो, म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला अडीच किलो वजन टांगल्याइतका. हा ताण वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. कार्बनचे हँडल किंवा सीटपोस्ट जादा ताणाने आतून तडकते आणि ती तड बाहेरून दिसत नाही, म्हणून कार्बनची सायकल असणाऱ्यांनी टॉर्क पान्ह्याशिवाय बोल्टला हात लावू नये. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या सायकलीवर फिरणाऱ्यांना त्याची निकड नाही.

साखळी झिजली का हे पाहण्यासाठी महाग मोजणीयंत्राची जागा बारा इंची पोलादी पट्टी उत्तम भरून काढते. साखळीच्या पिना अर्ध्या इंचाच्या अंतरावर असतात, त्यामुळे नव्या साखळीत एका पिनेच्या मध्यापासून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेलेली दिसली की साखळी बदलावी. पूर्ण सूतभर पुढे गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असण्याचा संभव मोठा आहे, आणि तेव्हा नवी साखळी टाकूनही ती दात्यांवरून घसरते. वेळेवर केलेले हे मोजमाप आपले पुष्कळ पैसे वाचवते.

साखळीला खोबरेल तेल घालण्याची सवय अनेक घरांत आहे. ते काही दिवसांत चिकट होते आणि रस्त्याची धूळ धरून ठेवते. शिलाई मशीनचे तेल त्यापेक्षा बरे, परंतु पहिल्याच सरीत धुऊन जाते. पावसाळ्यासाठी मिळणारे जाडसर चेन ल्यूब महाग वाटले तरी एका वेळी प्रत्येक कडीला एक थेंब एवढेच लागते. घालून झाल्यावर साखळी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून काढावी.

पंक्चरच्या सामानावर जास्त खर्च करू नये. साधे पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर आणि प्लॅस्टिकचे दोन-तीन लिव्हर पुरतात. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबणे हे सोल्युशनच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे. नळी एकदा उघडली की उरलेले सोल्युशन काही काळात सुकते, त्यामुळे लहान नळीच घ्यावी. घरी उभा पंप घ्यायचा असेल तर काटा असलेला घ्यावा आणि आपल्या ट्यूबचा व्हॉल्व कोणता ते आधी पाहावे: आपल्या साध्या सायकलींचा जुना व्हॉल्व, मोटारीसारखा जाड व्हॉल्व, की रेसिंग सायकलचा बारीक व्हॉल्व. टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यानुसार हवा भरली तर पंक्चरही कमी होतात.

हेल्मेटबद्दल

हेल्मेट जितके महाग तितके सुरक्षित, अशी समजूत आम्हाला रोज भेटते. युरोपातील ईएन १०७८ किंवा अमेरिकेतील सीपीएससी या मानकात उत्तीर्ण झालेले स्वस्त हेल्मेट आणि त्याच मानकात उत्तीर्ण झालेले महाग हेल्मेट, दोघांनीही आघाताची एकच चाचणी पार केलेली असते. ईएन १०७८ मध्ये सपाट पृष्ठभागावरची चाचणी सुमारे दीड मीटर उंचीवरून पडल्याइतक्या वेगाने होते. वरचे पैसे बहुतांशी कमी वजन, जास्त हवा आणि नेटकी बांधणी यांसाठी असतात. डोके वळताना बसणारा पिळाचा धक्का कमी करण्यासाठी काही हेल्मेटांत मिप्ससारखा सरकता थर असतो. तो असलेले हेल्मेट बजेटमध्ये बसत असेल तर आम्ही तेच सुचवतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांची स्वतंत्र तपासणी करते, आणि तिथे मध्यम किमतीच्या हेल्मेटांनीही सर्वोच्च पाच तारे मिळवलेले आहेत.

कोणतेही मानक न छापलेले हेल्मेट मात्र कितीही देखणे असले तरी घेऊ नये. मोटारसायकलच्या हेल्मेटांचे आयएस ४१५१ हे मानक वेगळे आहे. ती हेल्मेटे पेडल मारणाऱ्यासाठी जड आणि उकाड्याची ठरतात. आतला पांढरा फोम चेपला जाऊन धक्का शोषतो आणि पुन्हा फुगत नाही, त्यामुळे एकदा डोक्यावर असताना आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलावे. आकाराबाबत भीड बाळगू नये. पट्टा न लावता डोके खाली वाकवल्यावर हेल्मेट जागेवर राहिले पाहिजे, आणि तशी पारख करायला आमच्या दुकानात हवा तेवढा वेळ घ्यावा.

पाऊस, दिवे आणि कुलूप

घाम बाहेर सोडणारे महाग रेनकोट थंड देशांत फार उपयोगी पडतात, कारण आतली दमट हवा बाहेरच्या कोरड्या हवेकडे जाते. जुलैत मुंबईची हवाच दमट असते. तो फरक उरत नाही आणि पेडल मारणारा माणूस आतून भिजतोच. आमचा सल्ला असा की इथे साधा, पाठीला लांब आणि काखेत हवेला वाट असलेला विंडचीटर घ्यावा, आणि वाचलेले पैसे मडगार्डवर घालावेत. ऑफिसचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घट्ट बंद करून न्यावेत.

दिव्यांत मागचा लाल दिवा आधी. रस्त्यावर दिवे असलेल्या भागात पुढचा दिवा आपण दिसावे यासाठी असतो, तो मध्यम तेजाचा पुरतो; पहाटे आरे कॉलनीच्या अंधाऱ्या रस्त्याने जाणाऱ्यांनी जास्त तेजाचा घ्यावा. दिवा किती पाणी सोसतो ते आयपीएक्स या आकड्यावरून कळते. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा. आपल्या पावसाला आयपीएक्स ६ किंवा ७ पाहावा. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण सैल असेल तर पाणी तिथूनच शिरते.

स्टेशनबाहेर दिवसभर सायकल लावणाऱ्यांनी तारेच्या कुलुपावर विसंबू नये, कारण ती तार हातातल्या कटरने क्षणात तुटते. डी आकाराचे कडक पोलादी कुलूप फ्रेममधून घालून खांबाला लावावे. अर्ध्या तासाच्या प्रवासाला पॅडची चड्डी लागत नाही. दोन तासांहून लांब फेरी असेल तर चांगल्या प्रतीची घ्यावी, कारण स्वस्त पॅड लवकर दबून सपाट होते आणि शिवणी कातडीला घासतात. ती आत दुसरे काही न घालता वापरायची असते. हातमोजे साधेच घ्यावेत.

अ‍ॅलन की, पान्हा किंवा पंप घेण्यापूर्वी शक्य असेल तर सायकल सोबत आणावी. ते हत्यार आम्ही आपल्याच बोल्टवर बसवून दाखवू. सायकल आणणे जमत नसेल तर पेडलची आतली बाजू, ट्यूबचा व्हॉल्व आणि मागच्या चाकाचे दाते यांचे तीन फोटो मोबाइलवर काढून आणावेत.