दिवा लागला तर कोड पुसू नका
जुनी लक्झरी एसयूव्ही घेणाऱ्या आणि वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार,

गाडी घेऊन आलात की पहिल्या पाच मिनिटांत होणारं बोलणं आता आम्हाला पाठ झालंय. "चेक इंजिनचा दिवा लागला होता, पण आता गेलाय." कसा गेला? "मुलाने ते कोड वाचायचं ब्लूटूथचं यंत्र लावून कोड डिलीट केला." नाहीतर, "सोसायटीजवळच्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं." हे पत्रक मुख्यतः या एका गोष्टीसाठी छापलं आहे. वेळ कमी असेल तर निदान पुढचा भाग तेवढा वाचा.

इंजिनच्या कंप्युटरला काही खटकलं की तो कोड साठवतो आणि त्यासोबत त्या क्षणाची नोंदही ठेवतो. आरपीएम किती, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती. या नोंदीला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोडवरून कळतं की कुठे बिघाड असावा. नोंदीवरून कळतं की तो कधी होतो: घाट चढताना, सिग्नलला उभं असताना, की सकाळी पहिल्या स्टार्टला. आमच्यासाठी ही नोंद कोडपेक्षा मोलाची आहे. "क्लिअर" दाबलं की दोन्ही जातात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

मागच्या उन्हाळ्यात कोथरूडहून एक डिझेल बीएमडब्ल्यू एक्स-५ आली. काकांची तक्रार अशी की महिन्यात तीनदा दिवा लागला, पिकअप एकदम गेला, आणि बंद करून चालू केली की गाडी ठीक. तिन्ही वेळा घरीच कोड पुसलेला. आम्ही स्कॅनर लावला तर पाटी कोरी. चार दिवस गाडी चालवली. नऱ्हे, वडगाव पूल, सिंहगड रस्ता, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून. दिवा काही लागेना. पाचव्या दिवशी चौघे जण बसून कात्रजच्या जुन्या घाटात नेली. अर्ध्या चढावर दिवा लागला आणि गाडीतला दमच गेला. टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड, आणि नोंदीत लोड जवळजवळ पूर्ण. त्यानंतर काम अर्ध्या तासाचं होतं. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाच्या, रबरी होजला खालच्या अंगाने, क्लिपपासून बोटभर अंतरावर चीर होती. इंजिन बंद असताना ती पूर्ण मिटलेली, वरून बघून दिसतच नव्हती. हात फिरवला तेव्हा बोटाला तेलकट ओल लागली आणि तिथे दाबून वाकवल्यावर चीर उघडली. होज बदलला, गाडी दिली. पाच दिवसांपैकी साडेचार दिवस फक्त पुसलेली नोंद परत मिळवण्यात गेले, आणि तेवढे दिवस काका रिक्षाने फिरले. त्याआधी एका ठिकाणी त्यांना टर्बो बदलायचा सल्ला मिळाला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

म्हणून कळकळीची विनंती. दिवा लागला की मोबाइलवर मीटरचा फोटो काढा आणि तेव्हा गाडी कुठे होती, चढ होता का, एसी चालू होता का, एवढं दोन ओळींत लिहून आम्हाला व्हॉट्सअॅप करा. ब्लूटूथचं यंत्र वापरूच नका असं आमचं म्हणणं नाही. कोड वाचा, स्क्रीनशॉट काढून पाठवा. फक्त "क्लिअर"ला हात लावू नका. टर्मिनल काढण्याने तर नुकसानच जास्त. या गाड्यांत कोड त्याने जाईलच असं नाही, पण काचांचं आणि स्टिअरिंगचं सेटिंग हलतं आणि ते पुन्हा बसवावं लागतं.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश आमच्यापर्यंत या. पेट्रोल गाडीत तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. तसंच चालवलं तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, तेव्हा बाजूला घ्या. ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर जिथे आहात तिथेच इंजिन बंद करा आणि टो करून आणा. "फक्त दोन किलोमीटर तर होतं" म्हणून चालवलेल्या गाड्यांची इंजिनं आम्ही उघडली आहेत.

कोड पुसून आणलेल्या गाडीला आम्ही तपासणीचे पैसे तासावर लावतो. न पुसता आणलेल्या गाडीचं स्कॅनिंग दुरुस्तीच्या बिलातच धरतो. काही जणांना हे खटकतं, पण आमच्याकडे अंदाजाने पार्ट बदलून बघत नाहीत. आधी सेन्सर, मग ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), मग टर्बो असं करत गेलं तर होजच्या चिरेसाठी तुमचे लाखभर रुपये सहज जातील. शोधायला लागणारा वेळ हेच आमचं काम आहे आणि त्याचे पैसे आम्ही उघड सांगून घेतो.

गाडी घेण्याआधी

तुम्ही चुकून दाबता तेच बटण काही विकणारे मुद्दाम दाबतात. गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी कोड पुसला की डॅशबोर्ड स्वच्छ. पण पुसल्याची खूण मागे राहते. कोडबरोबर गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांचा हिशोबही शून्यावर येतो, आणि त्या चाचण्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातलं चालणं, हायवे असं सगळं लागतं. शिवाय बहुतेक गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हा आकडा निघतो. ७०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीत तो १२ दिसला तर विकणाऱ्याला सरळ विचारा. नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर त्याचं बिल असेलच. मीटर मागे घेतलेलाही असाच सापडतो. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये किंवा किल्लीतही असते. तिथले आकडे मीटरशी जुळतात का, हे आम्ही बघतो.

यासाठी टोकन देण्याच्या आधी गाडी आणा. दर आठवड्याला कुणीतरी टोकन देऊन, कधी ट्रान्सफरचे कागद सह्या करून, मग "जरा बघून सांगा" म्हणून येतं. तेव्हा आम्ही सांगितलेलं कितीही खरं असलं तरी तुमच्या हातात काही उरलेलं नसतं.

दुसरं, इंजिन थंड पाहिजे. सकाळी नऊला बॉनेटवर हात ठेवला आणि गरम लागलं तर आम्ही तपासणी पुढे ढकलतो. इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखडाट थंड स्टार्टच्या पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतो, नंतर ऑइल चढलं की दबतो. बीएमडब्ल्यूच्या २ लिटर एन-४७ डिझेल इंजिनात ही चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. ते पाच सेकंद ऐकण्यासाठी आम्ही थंड गाडीचा आग्रह धरतो.

तिसरं, एअर सस्पेन्शनची गाडी असेल, म्हणजे ऑडी क्यू-७, मर्सिडीज जीएल, रेंज रोव्हर, तर आदल्या संध्याकाळी आमच्याकडे लावा. आम्ही चारही चाकांवरची उंची खडूने भिंतीवर मांडून ठेवतो आणि सकाळी पुन्हा मोजतो. एक कोपरा बसलेला दिसला तर बलून, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेली हवेची पिशवी, गळतोय. बलून एकवेळ परवडला. तो तसाच चालवला तर हवा भरून भरून कंप्रेसर जळतो आणि बिल दुप्पट होतं. संध्याकाळी अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कुणालाच दिसणार नाही.

पाण्यात गेलेल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. २५ सप्टेंबर २०१९ला आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलेलं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, दुसऱ्या शहरांतल्याही इथे येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीची खाच बघा. या गाड्यांत काही कंप्युटर आणि वायरिंगचे जोड कार्पेटखाली असतात. ते आज चालतील, सहा महिन्यांनी एकेक करून दगा देतील. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही "घेऊ नका" असंच सांगतो, आणि त्या नकाराची फी तेवढीच असते.

दिल्लीच्या गाड्यांबद्दलही रोज विचारणा असते. २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवण्यावर बंदी आली आणि तिथली चांगली डिझेल एसयूव्ही इकडे कमी भावात दिसू लागली. गाडी चांगली असू शकते. पण मूळ आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं फॉर्म ३५, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून हिशोब करा. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० लागतातच, एमएच १२ किंवा १४ची गाडी असली तरी. जुनी चलनं आधी भरून घ्या. कागदांची कामं आम्ही करत नाही, पण काय बघायचं ते सांगतो.

घेतल्यानंतर

"गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं ना?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. अनेक बीएमडब्ल्यू, ऑडी आणि लँड रोव्हर गाड्यांत झेडएफ कंपनीचा ८ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. तो बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. तुम्ही घेतलेल्या गाडीत ते बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलं नाही असं समजा.

डिझेल गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळतो. बाणेरहून हिंजवडी, पहिला-दुसरा गिअर, पुन्हा घरी. एवढ्यात गाळणीतली काजळी जाळायला लागणारं सुमारे ६०० अंश तापमान गाठलंच जात नाही. ते गाठायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. तेव्हा आयडलिंग जरा वर असतं, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो, खालून गरम वास येतो. नेमकं तेव्हाच पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं तर प्रक्रिया अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच दाखवा. आठ-पंधरा दिवसांतून एकदा खेड शिवापूरच्या पुढपर्यंत किंवा एक्स्प्रेसवेवर अर्धा तास एका वेगाने गाडी चालवा. डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देणारे आहेत. आम्ही ते करत नाही, कारण ते बेकायदा आहे आणि धूर शेवटी आपल्याच मुलांच्या नाकात जातो.

ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एका कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले ठेवा. दोनच नवे टाकले की मोठी-लहान चाकं ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाला) सतत ओढत राहतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. कूलंट कमी झालं तर नळाचं पाणी ओतू नका, फोन करा. बॅटरी बदलली की बऱ्याच गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद कंप्युटरमध्ये करावी लागते. बाहेरून घेतलीत तरी चालेल, नोंद आमच्याकडून करून घ्या.

"चाकणला मर्सिडीज बनते, मग पार्ट इथे स्वस्त मिळत असेल?" हेही विचारतात. गाडी इथे जोडली जाते, पण जुन्या मॉडेलचे बरेच पार्ट अजूनही बाहेरून येतात आणि वेळ घेतात. मूळ हिशोब असा आहे की ८० लाखांची गाडी तुम्हाला १८ लाखांना मिळाली तरी तिचा बलून, तिचा हेडलॅम्प आणि तिचा गिअरबॉक्स ८० लाखांच्या गाडीचाच राहतो. गाडीच्या किमतीवर सगळी रक्कम खर्च करू नका. आमच्या अनुभवात पहिल्या वर्षासाठी दोन-तीन लाख बाजूला ठेवलेले ग्राहक गाडीवर खूश असतात. शेवटचा रुपया घालून घेतलेले पहिल्याच मोठ्या बिलाला गाडी विकायला काढतात. याच कारणासाठी कधी कधी आम्ही ग्राहकाला एक पायरी लहान मॉडेलची, पण सगळी बिलं असलेली गाडी घ्यायला सांगतो.

खरेदीपूर्व तपासणीला अडीच तास लागतात आणि तिची फी ४,५०० रुपये आहे. छायाचित्रांसह लेखी अहवाल देतो. त्याच गाडीची पहिली मोठी सर्व्हिस आमच्याकडे केलीत तर ही रक्कम बिलातून वजा होते. वेळ आदल्या दिवशी फोन करून ठरवा, सोमवारी गॅरेज बंद असतं. रात्री गाडी ठेवायची असेल तर संध्याकाळी सातपर्यंत आणा. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची असतील ती सगळी बिलं आणि निदान पाव टाकी इंधन असू द्या. आणि दिवा लागलेला असेल तर तसाच लागलेला घेऊन या.