‘सेटलमेंट’ नावाचा पत्ता: सोलापूरच्या कुंपणामागचा इतिहास

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. टपालाच्या पत्त्यावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आणि पुढे क्रमांक असतो. यातल्या ‘फ्री’चा फुकटशी संबंध नाही. इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणाआड कोंडलं होतं, त्या वस्तीला सेटलमेंट म्हणत. त्यांच्यापैकी ज्या कुटुंबांची वर्तणूक सरकारला पसंत पडे त्यांना कुंपणाबाहेर, पण नजरेच्या टप्प्यात, घर मिळे. ती वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. कुंपण गेलं, नाव राहिलं. पोलीस ठाण्यातली वहिवाटही बरीचशी राहिली, म्हणून हा इतिहास माहीत असावा लागतो.

गुन्हेगार जमाती कायद्याला गव्हर्नर जनरलची संमती मिळाली १२ ऑक्टोबर १८७१ रोजी. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणता आला आणि १९२४ मध्ये सगळ्या तरतुदी एकत्र केल्या गेल्या. सोलापूर सोयीचं होतं, कारण इथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. ओ. एच. बी. स्टार्ट हे इलाख्याचे सेटलमेंट अधिकारी होते. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे दिला होता. आत कैकाडी, कंजारभाट, पारधी, भामटा अशा जमाती होत्या.

या कायद्यात दयामाया नव्हती, पण अंमलबजावणीची कलमं फार काटेकोर होती. आधी अधिसूचना काढून अख्खी जमात गुन्हेगार ठरवायची. मग जिल्हा मॅजिस्ट्रेटने नोंदवही करायची, बोटांचे ठसे घ्यायचे. नोंद झालेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, मुक्काम बदलला तर कळवायचं, हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचीही मुभा होती. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान ७ वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. आणि अधिसूचना योग्य की अयोग्य हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. कोणी, कधी, कोणत्या वहीत काय लिहायचं ते ठरलेलं होतं. नंतर आलेल्या संरक्षणाच्या कायद्यांत नेमकी हीच बाजू लंगडी आहे.

(मे १९३०चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले चार हुतात्मे शहराला पाठ आहेत, चौकालाही त्यांचं नाव आहे. त्याच काळात गावाच्या कडेला रोज हजेरी होत होती, ते फारसं कुणाला आठवत नाही.)

देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमातींना विमुक्त म्हणतात, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात आणि ‘स्वातंत्र्य ५ वर्षं १६ दिवस उशिरा मिळालं’ असं भाषणांत हमखास येतं. मुंबई प्रांताने मात्र तो १९४९ मध्येच मोडीत काढला होता. अर्थात फरक थोडाच पडला, कारण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबईचा असा कायदा १९५९चा. कागदोपत्री तो जमातीला नाही, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागू होतो. पण ठाण्यातल्या जुन्या याद्या आणि शिपायांच्या डोक्यातली नावं एका अधिसूचनेने पुसली जात नाहीत. सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत आढळल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ आहे, तडीपारीसाठी ५५ ते ५७ आहेत. पालावरच्या माणसाची ‘संशयास्पद स्थिती’ कोण ठरवणार, हा प्रश्न तिथेच राहतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत असं सांगितलं. हा आयोग स्थापन झाला तोही १८७१च्या कायद्याच्याच तारखेला, १२ ऑक्टोबरला, १९९३ साली.

संरक्षणाचा खरा गुंता जातीच्या यादीत आहे. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतात, सोलापुरात विमुक्त जाती-अ मध्ये. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्तांत. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना लागू आहे. म्हणजे नागपूरच्या कैकाड्याला तो मिळतो, त्याच्या सोलापूरच्या मेहुण्याला नाही. शिवाय विमुक्त असल्याचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा लागतो. पिढ्यान्पिढ्या पालावर राहिलेल्यांकडे तो कुठून यायचा? त्यातल्या त्यात सेटलमेंटवाल्यांकडे जुना शाळेचा दाखला सापडण्याची शक्यता जास्त. कोंडून ठेवणाऱ्याचाच कागद आज कामाला येतो. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या, सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, नंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही दिला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यासारखं कवच विमुक्तांनाही द्या, असं इदाते आयोगाने सुचवलं. ते अजून मिळालेलं नाही.

उरतात ते सगळ्यांसाठीचे नियम. अटक केली तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या डी. के. बसू निकालानुसार अटकेच्या पंचनाम्यावर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा गल्लीतल्या एका साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. हे मोडतं कुठे? पहिल्याच पायरीला. माणसाला ‘चौकशीला’ नेतात, अटकेची नोंदच होत नाही, म्हणून २४ तासांचं घड्याळ सुरूच होत नाही. पूर्वी वकील त्याच रात्री तार करायला सांगत, कारण तारेवर वेळ छापलेली असे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. आता पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त आणि मॅजिस्ट्रेट यांना ईमेल करून स्पीड पोस्टची पावती जपणं हाच त्यातल्या त्यात पुरावा. त्याच अर्जात ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा अशी मागणी करावी. डिसेंबर २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते १८ महिने, निदान वर्षभर, ठेवावं लागतं. अर्जाला उशीर झाला की ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलं. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. सोलापूरकराला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरावी लागते. तक्रार घटनेपासून वर्षभरात गेली पाहिजे, आणि शेवटी निघते ती शिफारस. आदेश नव्हे. मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३० प्रत्येक जिल्ह्यात मानवी हक्क न्यायालय असावं म्हणतं, पण त्याने नेमके कोणते गुन्हे चालवायचे हे कायद्याने सांगितलेलंच नाही.

कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी २००६पासून सक्तीची आहे. पण अहवाल आल्यावर पुढे काय, यावर कायदा मुका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याचा अभ्यास करणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. चौकशी झाली, तरी गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच महिन्यात कायम ठेवला.

त्याआधी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. सोलापुरात या निकालाच्या आधारे दाद मागायची तर १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आता सोलापूर जिल्हाही आहे.