बेरा सपाट आली म्हणजे नस गेली असं नाही

टिळक रोडवरच्या माझ्या तपासणीच्या खोलीत फाईल टेबलावर ठेवता ठेवता लोक सांगतात, "मॅडम, बेरा केलीये. कानाची नस गेलीय." बेरा म्हणजे आवाजाचा संदेश नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, हे पाहणारी चाचणी. तिच्या कागदावर एकही लहर नसते, हे खरं. पण नस गेली असं तो कागद म्हणत नाही. नसेजवळच्या गाठीचं ऑपरेशन ठरलेल्या माणसाला हा फरक कळायलाच हवा, कारण पुढे कोणतं इम्प्लांट बसवायचं हे त्यावर ठरू शकतं.

नेहमीच्या बेरात कानात टकटक आवाज सोडतात. पडदा, हाडं, कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखातल्या) केसपेशी, नस आणि मग मेंदूचा देठ, असा त्याचा प्रवास. डोक्यावर चिकटवलेले इलेक्ट्रोड पहिल्या 10 मिलिसेकंदांतल्या लहरी टिपतात. केसपेशी मेल्या आणि नस धडधाकट असली, तरी कागद सपाटच येतो. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कॉक्लियात इलेक्ट्रोड बसवून नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र; त्याचा उपयोग तर अशाच कानांना होतो.

ऑपरेशन टेबलावरची ईएबीआर, म्हणजे विजेच्या झटक्यांनी केलेली बेरा, ही तिची बहीण, पण तिथे आवाज नसतोच. सर्जन कॉक्लियात बारीक चाचणी-इलेक्ट्रोड सरकवतात आणि विजेचे छोटे झटके थेट नसेला देतात. केसपेशींना वगळलेलं असतं. पहिली लहर झटक्याच्या गोंधळात बुडते, म्हणून आम्ही पाचवी शोधतो. आवाजाच्या बेरात ती साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांवर येते, इथे चारच्या आसपास, कारण कानातला रस्ताच वाचलेला असतो.

हे गाठ काढल्यावर का करायचं? मायक्रोस्कोपखाली नस अखंड दिसते, पण ती ताणली गेलेली असू शकते, तिचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. डोळ्याला दिसणारी नस आणि काम करणारी नस एकच असेल असं नाही. पाचवी लहर आली, तर त्याच बैठकीत कॉक्लियर इम्प्लांट बसवता येतं. एनएफ-2 या जनुकीय आजारात गाठी दोन्ही बाजूंना असतात. तिथे नसच उरली नाही, तर ब्रेनस्टेम इम्प्लांटची पट्टी थेट मेंदूच्या देठावर ठेवतात. विल्यम हाऊस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी 1979 मध्ये लॉस एंजेलिसला असं पहिलं इम्प्लांट बसवलं. मात्र त्यातून बऱ्याच जणांना भोवतालचे आवाज आणि ओठ वाचायला मदत, इतकंच मिळतं. बोलणं समजण्यात कॉक्लियर सहसा बरंच पुढे. म्हणून चालू नस ओळखण्यासाठी ओटीत थोडा जास्त वेळ गेला तरी तो मला सार्थकी लागलेला वाटतो.

आणखी एक घोटाळा. इम्प्लांट बसवल्यावर टेलिमेट्रीत, म्हणजे इम्प्लांटनेच केलेल्या मोजणीत, "नसेचा प्रतिसाद आला" असं सांगतात. तो प्रतिसाद कॉक्लियाजवळच्या टोकाचा असतो. पुढे मेंदूच्या बाजूला नस तुटली असली, तरी तो येऊ शकतो. संदेश देठापर्यंत पोचला की नाही, हे पाचवी लहरच दाखवते.

लहर न येण्याला मात्र मी लहर येण्याइतकं वजन देत नाही. गाठ काढताना दुखावलेली नस तात्पुरती गप्प असू शकते, इलेक्ट्रोड नीट बसलेला नसू शकतो. उलट चेहऱ्याच्या स्नायूंची थरथर कधीकधी लहरीचं सोंग घेऊन येते. त्यामुळे ऑपरेशनआधी सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा: ईएबीआर करणार आहात का, आणि तेव्हा ती वाचायला ओटीत कोण असेल?