पुन्हा पुन्हा परतणारी प्रॉक्सी : घरच्या संगणकातील एका हट्टी बिघाडाचा शोध

वाय-फायची जोडणी ठीक असते, त्याच जोडणीवर घरातला मोबाइल सुरळीत चालत असतो, आणि तरीही संगणकावरचा ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी 'प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा संदेश दाखवत राहतो. कोणी जाणकार सेटिंग्जमध्ये जाऊन प्रॉक्सीचे बटण बंद करून देतो, काम सुरू होते, आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला की ते बटण पुन्हा चालू झालेले दिसते. विंडोजच्या घरगुती संगणकांवर हा प्रकार वारंवार आढळतो, आणि कंटाळून अनेक जण सगळी विंडोज नव्याने टाकून घेतात. बहुतेक वेळा तेवढे करण्याची गरज नसते, असे माझे ठाम मत आहे. प्रॉक्सीची नोंद स्वतःहून बदलत नाही. ती बदलणारा एखादा प्रोग्राम, सेटिंग वरून लादणारे एखादे धोरण (पॉलिसी) किंवा ब्राउझरला जोडलेले एखादे एक्स्टेन्शन संगणकात असते आणि ते सापडेपर्यंत बटण कितीही वेळा बंद केले तरी ते परत चालू होणारच. फरशी कितीही पुसली तरी गळणारी तोटी बंद केल्याशिवाय ती कोरडी राहत नाही, तसेच हे आहे.

प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने संकेतस्थळांशी बोलणारा मधला संगणक किंवा प्रोग्राम. वेबचा जन्म जिथे झाला त्या जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय सुरुवातीच्या काळातच होती, आणि आरी लुओटोनेन व केविन आल्टिस यांनी १९९४ साली तिच्यावर शोधनिबंधही सादर केला. संस्थेभोवती सुरक्षेसाठी फायरवॉल उभारली की आतल्या संगणकांना बाहेर थेट जाता येत नसे. त्या सर्वांच्या वतीने एकच यंत्र बाहेर जाई आणि वारंवार मागितली जाणारी पाने स्वतःजवळ साठवूनही ठेवी. आजही कंपन्या आणि शिक्षणसंस्था याच कारणांसाठी प्रॉक्सी वापरतात. घरी मात्र सहसा तिची काहीच गरज नसते, आणि म्हणूनच घरच्या संगणकावर प्रॉक्सीची नोंद दिसली तर ती कोठून आली हा प्रश्न विचारायलाच हवा.

सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीच्या पानावर गेल्यावर बटण बंद करण्याची घाई करू नये. आधी तिथला पत्ता आणि पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरच्या नेमक्या प्रोग्रामपर्यंत पोचवणारा आकडा) कागदावर उतरवून घ्यावा, कारण सर्वांत मोलाचा पुरावा तोच असतो. पत्ता १०., १९२.१६८. किंवा १७२.१६. ते १७२.३१. यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो खासगी जाळ्यातला पत्ता आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी सुट्टीत लॅपटॉप घरी आणतो किंवा कार्यालयाचा लॅपटॉप घरून वापरला जातो, तेव्हा तिथल्या प्रॉक्सीचा पत्ता तसाच राहून जातो आणि घरच्या जाळ्यात त्या पत्त्यावर कोणीच उत्तर देत नाही. इथे नोंद काढून टाकली की प्रश्न मिटतो. पत्ता इंटरनेटवरच्या अनोळखी यंत्राचा असेल आणि तो आपण स्वतः घातलेला नसेल, तर आपली सगळी ये-जा त्या यंत्रामार्फत होत आहे असे समजून ताबडतोब सावध व्हावे.

सर्वांत गोंधळात टाकणारा पत्ता म्हणजे १२७.०.०.१. हा आपल्याच संगणकाचा स्वतःसाठीचा पत्ता असतो. म्हणजे मधला प्रोग्राम आपल्याच यंत्रात चालतो आहे किंवा कधी काळी चालत होता. काही विषाणूविरोधी प्रोग्राम, पालकांसाठीची नियंत्रणे, जाहिराती घुसवणारे प्रोग्राम आणि विकासकांची तपासणी साधने अशी व्यवस्था उभारतात. उदाहरणार्थ, फिडलर हे साधन सुरू असताना पोर्ट ८८८८ वर ऐकत बसते, विंडोजची प्रॉक्सी स्वतःकडे वळवते आणि बंद होताना ती पूर्ववत करते. पण असे साधन मध्येच कोसळले तर नोंद तशीच राहते आणि ऐकणारे कोणी उरत नाही. ब्राउझरवर दिसणारा संपर्क न झाल्याचा संदेश बहुतेकदा याच अवस्थेचा असतो. त्या पोर्टवर आत्ता कोणी ऐकत आहे का, हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट ही आज्ञा 'एएनओ' या पर्यायासह (netstat -ano) द्यावी. प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारा क्रमांक टास्क मॅनेजरमधल्या 'डिटेल्स'च्या यादीत शोधला की त्या प्रोग्रामचे नाव मिळते.

या टप्प्यावर पिंगच्या, म्हणजे दुसरे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या, आज्ञेवर विसंबू नये. पिंगला उत्तर मिळते म्हणजे इंटरनेट ठीक आहे असे म्हणून पुष्कळ जण ब्राउझरच बिघडला असे ठरवतात. परंतु पिंगचे संदेश प्रॉक्सीतून जातच नाहीत, त्यामुळे प्रॉक्सी पूर्ण कोसळलेली असतानाही पिंग यशस्वी होते.

आता मुख्य प्रश्न, नोंद परत लिहितो कोण? विंडोजमध्ये ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र विभागात असते, आणि त्या विभागात लिहायला प्रशासकाची परवानगी लागत नाही. त्यामुळे कोणताही साधा प्रोग्राम, परवानगीची खिडकी न दाखवता, प्रॉक्सी चालू करू शकतो. हीच गोष्ट तपासासाठी उपयोगीही पडते. संगणकावर दुसरे नवे खाते उघडून त्यात प्रवेश करावा. तिथे प्रॉक्सी बंदच राहिली, तर दोषी प्रोग्राम मूळ खात्यासोबत सुरू होणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता मोठी, आणि तिथेही ती चालू झाली, तर सगळ्या यंत्रासाठी चालणारी सेवा किंवा धोरण शोधावे लागेल. बटण केव्हा परत चालू होते हेही नीट पाहावे. काही क्षणांतच झाले तर एखादा प्रोग्राम सतत पहारा ठेवून आहे, पुन्हा प्रवेश केल्यावरच झाले तर 'स्टार्टअप'ची यादी पाहावी, आणि ठरावीक वेळाने होत असेल तर ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारा 'टास्क शेड्यूलर'. टास्क शेड्यूलर तपासायचे लोक हमखास विसरतात.

एवढ्यावर धागा सापडला नाही, तर 'प्रोसेस मॉनिटर' हे साधन वापरावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी उभारलेल्या सिसइंटर्नल्स या संचातले हे साधन मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते. कोणता प्रोग्राम कोणत्या क्षणी रजिस्ट्रीत काय लिहितो, याची ओळ-न्-ओळ ते दाखवते. या माहितीचा लोंढा प्रचंड असतो, म्हणून 'प्रॉक्सीएनेबल' (ProxyEnable) हे नाव असलेल्या आणि मूल्य लिहिणाऱ्या नोंदीच दिसाव्यात अशी चाळणी लावावी, बटण बंद करावे आणि वाट पाहावी. संगणक सुरू होतानाच बदल होत असेल, तर त्या वेळच्या हालचाली नोंदवण्याचा पर्यायही त्यात आहे. प्रोग्रामचे नाव आणि तो डिस्कवर कोठे आहे हे एकदा हाती आले की तर्क लढवण्याची गरज उरत नाही. तो रीतसर काढून टाकावा, आणि मगच प्रॉक्सी बंद करावी. हा क्रम उलटा केला तर सगळे श्रम वाया जातात.

कधी कधी दोषी सापडत नाही याचे कारण आपण चुकीच्या जागी पाहत असतो. बटण बंद असते, पण त्याच पानावर वर 'सेटअप स्क्रिप्ट'चा पत्ता भरलेला असतो. नेटस्केप नॅव्हिगेटर या जुन्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून, चालत आलेली ही सोय आहे : जावास्क्रिप्टमधली एक छोटी फाइल प्रत्येक संकेतस्थळासाठी थेट जायचे की कोणत्या प्रॉक्सीतून जायचे, हे ठरवते. केवळ बँकांच्या संकेतस्थळांपुरती वाट वळवायची असेल तर दुष्ट हेतूच्या माणसाला हीच पद्धत सोयीची पडते, कारण बाकी सगळे सुरळीत चालल्याने संशय येत नाही. तिसरा पर्याय 'आपोआप शोधा' हा. त्यात संगणक स्थानिक जाळ्यालाच अशा फाइलचा पत्ता विचारतो आणि कोणी उत्तर दिले तर त्यावर विश्वास ठेवतो. या विश्वासाचा गैरवापर होऊ शकतो, याचा इशारा अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणेने मे २०१६ मध्ये दिला होता. घरच्या जाळ्यात हा पर्याय बंद ठेवल्याने सहसा काहीही अडत नाही, उलट काही संगणकांवर पहिले पान उघडायला लागणारा उशीर कमी होतो.

याशिवाय विंडोजमध्ये जोडणीच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. क्रोम आणि एज वापरकर्त्याच्या नोंदी मानतात, पण पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अनेक सेवा विनएचटीटीपी नावाच्या यंत्रणेवर चालतात आणि तिची प्रॉक्सी स्वतंत्र असते. म्हणून ब्राउझर चालतो पण अपडेट अडते, असे घडू शकते. प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' (netsh winhttp show proxy) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की तिची स्थिती कळते, आणि 'शो'च्या जागी 'रीसेट' लिहिले की ती थेट जोडणीवर येते. याउलट ब्राउझर चालतो पण मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालत नाहीत, असे असेल तर १२७.०.०.१ वरची प्रॉक्सी पुन्हा आठवावी. त्या प्रकारच्या ॲपना आपल्याच संगणकातील दुसऱ्या प्रोग्रामशी या मार्गाने बोलण्यास विंडोज मुळातच मज्जाव करते. फायरफॉक्सच्या प्रॉक्सीच्या सेटिंग्ज त्याच्या आतच असतात. एक्स्टेन्शनही ब्राउझरपुरती वाट वळवू शकते आणि तेव्हा विंडोजचे पान अगदी निर्दोष दिसते. एक्स्टेन्शन नसलेले नवे प्रोफाइल उघडून पाहिले की खरे काय ते कळते.

सेटिंग्जमधले बटण फिकट होऊन दाबताच येत नसेल आणि शेजारी 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहेत' अशा अर्थाची ओळ असेल, तर आधी खात्यांच्या पानावर कार्यालयाचे किंवा शाळेचे खाते जोडलेले आहे का ते पाहावे. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. संगणक पूर्णपणे आपला असेल आणि असे कोणतेही खाते नसेल, तर ते धोरण एखाद्या प्रोग्रामने रजिस्ट्रीत लिहिलेले असते. ते लिहिण्यासाठी त्याला प्रशासकाचे अधिकार मिळालेले असणार, म्हणून असे प्रकरण अधिक गंभीर मानावे.

प्रॉक्सी कायमची गेली तरी एक तपासणी उरते. सुरक्षित संकेतस्थळांशी होणारे संभाषण सांकेतिक रूपात असते आणि मधली प्रॉक्सी ते फक्त पुढे ढकलते, तिला ते वाचता येत नाही. पण तिच्या प्रोग्रामने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे आहे की नाही हे ज्याच्या आधारे ब्राउझर ठरवतो ते) बसवले असेल तर तिला सगळे वाचता येते आणि ब्राउझर तक्रारही करत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच आलेल्या सुपरफिश या जाहिरातींच्या प्रोग्रामबद्दल नेमके हेच उघड झाले. सर्व लॅपटॉपवर एकच प्रमाणपत्र आणि एकच गुप्त किल्ली होती, त्यामुळे ती किल्ली मिळवणाऱ्या कोणालाही त्या लॅपटॉपसमोर खोटे संकेतस्थळ खरे म्हणून उभे करता आले असते. शिवाय नुसता प्रोग्राम काढल्याने ते प्रमाणपत्र जात नव्हते, ते वेगळे काढावे लागे. म्हणून विंडोजच्या शोधपट्टीत 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' (certmgr.msc) असे लिहून प्रमाणपत्रांची खिडकी उघडून विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत आपण नुकत्याच काढलेल्या प्रोग्रामचे किंवा त्याच्या निर्मात्याचे नाव आहे का ते पाहावे, आणि असल्यास ते प्रमाणपत्र काढून टाकावे. ओळखीची वाटत नाहीत एवढ्याच कारणाने इतर प्रमाणपत्रे मात्र काढू नयेत, कारण त्यांतली बरीचशी विंडोजला आवश्यक असतात. असे प्रमाणपत्र सापडले असेल, तर त्या संगणकावरून वापरलेल्या बँक आणि ईमेल खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून त्याच दिवशी बदलावेत.