कमी उंचीचे रेल्वेपूल आणि वाहनांची अडकण

रेल्वेच्या भरावातून आरपार गेलेल्या रस्त्यावर, पुलाच्या तुळईपेक्षा किंवा कमानीपेक्षा उंच वाहन शिरून ते पुढेही जात नाही व मागेही येत नाही, अशी स्थिती निर्माण होणे म्हणजे वाहनांची अडकण. सांगली-सातारा पट्ट्यात अशा मार्गाला बोगदा किंवा मोरी म्हणतात. रेल्वेफाटक बंद करून अलीकडे बांधलेल्या मार्गांना मात्र भुयारी मार्ग हे नाव रुळले आहे.

हे पूल मुळात ठेंगणे का, याविषयी मतभेद आहेत. मीटरगेजच्या काळात बैलगाडीपुरतीच उंची सोडली गेली, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. परंतु कडब्याने भरलेली बैलगाडीही काही बुटकी नसते, त्यामुळे हे मत पुरेसे वाटत नाही. दुसऱ्या मतानुसार यांतील काही मार्ग मूळचे पाण्याचे असून गाडीवाट त्यांतून पुढे पडली. बांधकाम खात्याच्या भाषेत मोरी हा शब्द आजही पाणी वाहून नेणाऱ्या लहान पुलासाठीच वापरतात, ही गोष्ट या मताला पूरक आहे. तिसरे मत असे की, पूल होता तेथेच राहिला आणि डांबराच्या थरांवर थर चढून रस्ता वर आला. जुन्या पुलांच्या बाबतीत हे मत अधिक ग्राह्य दिसते. कालनिश्चिती करताना आणखी एक अडचण येते. पुणे-मिरज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मीटरगेजवर घातला, पुढे 1970 च्या आसपास तो ब्रॉडगेज झाला आणि त्या वेळी सांगलीजवळ मुख्य मार्गाची आखणीही बदलली. तेव्हा या मार्गावरचा प्रत्येक दगडी पूल ‘इंग्रजांच्या काळचा’ मानणे धोक्याचे आहे. मिरजेला 1927 मध्ये पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्गही आता ब्रॉडगेज झाला असल्याने तेथेही हीच सावधगिरी लागते.

पुलाखालची मोकळी उंची ही एकच स्थिर संख्या नाही. दगडी कमानीत ती मध्यभागी सर्वाधिक असते व कडेला झपाट्याने घटते, म्हणून डावी बाजू धरून जाणाऱ्या ट्रकच्या हौद्याचा वरचा कोपरा आधी घासतो. भुयारी मार्गात रस्ता दोन्ही बाजूंनी उतरत असल्याने लांब वाहनाची पुढची चाके चढावर, मागची उतारावर आणि मधला भाग नेमका पुलाखाली येतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 8 मीटर आणि खोलगट वळणाची त्रिज्या 100 मीटर धरल्यास वाहनाचा मध्य सपाट रस्त्याच्या तुलनेत सुमारे 8 सेंटीमीटर वर राहतो. फलकावरची उंची पाहून निघालेला कंटेनर अडकतो त्याचे एक कारण हे आहे. मालाच्या वजनाने चाकांवरचे कमानपाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबलेले असल्यामुळे भरलेला ट्रक ज्या पुलाखालून निभावतो, त्याच पुलाला तोच ट्रक माल उतरवून परतताना टेकू शकतो.

भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात अशा मार्गांवर ग्रामीण भागात 5 व शहरी भागात 5.5 मीटर उंची अपेक्षित आहे. फाटकांच्या जागी बांधलेले मर्यादित उंचीचे मार्ग याहून बरेच ठेंगणे असतात, कारण रूळ उचलता येत नाहीत आणि रस्ता खोल खणावा तर काळ्या जमिनीत पाणी साचते. मालवाहू वाहनाची कमाल उंची केंद्रीय मोटार वाहन नियमांत पूर्वी 3.8 मीटर होती. 2020 च्या दुरुस्तीने ती 4 मीटर झाली. ऊस, कडबा आणि बगॅस (उसाचा चोथा) यांच्या वाहतुकीत ही मर्यादा फाळक्याच्या वर रचलेल्या मालावर ठरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर उंचीची मर्यादा ओलांडून माल भरल्यास 20,000 रुपये दंड आणि जादा माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे.

अडकलेले वाहन सोडवण्याची रूढ पद्धत चाकांतील हवा कमी करण्याची आहे. त्यामुळे मिळणारी काही सेंटीमीटरची सवड बहुधा पुरते. कडब्याच्या गाडीत दोर सैल करून वरच्या पेंढ्या काढतात. ऊसगाड्या जाणाऱ्या पुलांच्या तुळईखाली पाचटाचे तुकडे अडकलेले असतात, तर कडेवर निरनिराळ्या रंगांचे ओरखडे एकावर एक दिसतात. वाहन निघाले म्हणजे काम संपले असे होत नाही, कारण धडकेने लोखंडी तुळई आडवी सरकल्यास वरचे रूळही वाकतात. म्हणून पुलाची तपासणी होईपर्यंत रेल्वेगाड्या थांबवणे किंवा त्यांचा वेग उतरवणे आवश्यक ठरते.

प्रतिबंधासाठी पुलाच्या अलीकडे तेवढ्याच उंचीची लोखंडी कमान उभारतात. विद्युतीकरण झालेल्या मार्गांवरील फाटकांजवळच्या 4.67 मीटर उंचीच्या कमानींशी तिची गल्लत होऊ नये. त्या वरच्या वीजवाहक तारेपासून संरक्षणासाठी असतात. अमेरिकेतील डरॅम शहरात वारंवार धडका बसणारा पूल 2019 मध्ये 8 इंच उचलण्यात आला, तरी धडका पूर्णपणे थांबल्या नाहीत. रस्त्याचे डांबरीकरण झाल्यावर उंची पुन्हा मोजून फलक बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र रस्ता एका खात्याचा व पूल दुसऱ्याचा असल्याने तो बहुधा राहून जातो.