ऑनलाइन गप्पा

ऑनलाइन गप्पा : संगणकांच्या जाळ्यातून, मुख्यतः लिहून, विषय वा हेतू आधी न ठरवता चालणारे अनौपचारिक सामूहिक संभाषण. रोजची कामे, आजारपण, निवडणूक, नवे यंत्र असे काहीही त्यात येते आणि एका विषयातून दुसरा निघत जातो. कार्यालयीन बैठक किंवा तांत्रिक साहाय्य हीदेखील त्याच साधनांवर चालतात. मात्र तेथे काही निष्पत्ती अपेक्षित असते. गप्पांत ती नसते. प्रस्तुत नोंदीत हाच निकष मानला आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. एकाच संगणकाला जोडलेल्या वापरकर्त्यांनी परस्परांना निरोप पाठवण्याची सोय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६५ च्या सुमारास झाली होती. परंतु निरोप म्हणजे गप्पा नव्हेत, म्हणून बहुतेक अभ्यासक आरंभ १९७० नंतरचा धरतात.

अनेक जणांनी एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीचा पहिला मान बरेचदा ‘एमिसारी’ या प्रणालीला दिला जातो. अमेरिकेच्या आणीबाणी सज्जता कार्यालयासाठी मरी टुरॉफ यांनी ती १९७१ मध्ये रचली. त्या वर्षी १५ ऑगस्टला अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वेतन व किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या. त्या निर्णयाच्या अंमलबजावणीत दूरदूरच्या कार्यालयांचा मेळ घालणे हे या प्रणालीचे काम होते आणि तीत ‘पार्टी लाइन’ नावाची सामूहिक संभाषणाची सोय होती. दुसरे मत ‘टॉकोमॅटिक’ला अग्रक्रम देते. इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-प्रणालीवर डग ब्राउन यांनी १९७३ मध्ये ती तयार केली. डेव्हिड वुली यांचे नावही तिच्याशी जोडले जाते. पडद्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येक सहभागीला एक पट्टा दिला जाई. एका वाहिनीवर, म्हणजे संभाषणाच्या एका स्वतंत्र कक्षात, पाच जण लिहू शकत. टंकलेले अक्षर त्याच क्षणी सर्वांना दिसे. खोडलेले आणि अडखळलेलेही दिसे.

केवळ कालक्रम पाहिल्यास एमिसारीचा दावा बळकट ठरतो. पण तिचे वापरकर्ते सरकारी कामासाठी एकत्र येत होते. टॉकोमॅटिकवर मात्र बंद न केलेल्या कोणत्याही वाहिनीत कोणीही डोकावावे आणि वाटेल ते बोलावे अशी मुभा होती. वरील निकष लावला तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढील टप्पे निर्विवाद आहेत. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीची ‘सीबी सिम्युलेटर’ ही सशुल्क सेवा १९८० मध्ये सुरू झाली. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये ‘इंटरनेट रिले चॅट’ ही वाहिन्यांवरील सामूहिक संभाषणाची प्रणाली सुरू केली. इझ्राएलमधील मिराबिलिस कंपनीचे ‘आयसीक्यू’ हे तत्काळ निरोपांचे साधन १९९६ मध्ये आले. मोबाइलवरील गटसंभाषण त्यानंतरचे.

रचना : अक्षराअक्षराने दिसणारे लेखन मागे पडून ओळ पूर्ण झाल्यावरच ती इतरांना दिसू लागली, हा बदल वरकरणी किरकोळ असला तरी गप्पांचे आजचे स्वरूप बव्हंशी त्यातून घडले आहे. संभाषणाचे अभ्यासक हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये तोंडी संभाषणातील पाळीची व्यवस्था मांडली : बहुतांश वेळ एकच जण बोलतो, पाळी संपत आल्याची चाहूल ऐकणाऱ्याला आधी लागते आणि दोन पाळ्यांत अंतर फार थोडे पडते. ओळीने पोचणाऱ्या लेखनात ही चाहूल लागत नाही. दोघे एकाच वेळी लिहितात, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तिसऱ्याचेच वाक्य येऊन बसते आणि विषय सुटतो. भाषाशास्त्रज्ञ सुझन हेरिंग यांनी १९९९ मध्ये या विस्कळीतपणाची चिकित्सा करताना असा निष्कर्ष काढला, की तो असूनही लोक गप्पा सोडत नाहीत, कारण शिथिल सुसंगतीमुळे शब्दखेळाला आणि एकाच वेळी अनेक धागे चालवण्याला वाव मिळतो. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. विषयांतर हा या गप्पांतला दोष समजणारे लेखन आजही होते. वस्तुतः गप्पा विषयांतरावरच चालतात. समोरची व्यक्ती लिहीत असल्याची खूण आणि विशिष्ट वाक्याला जोडून उत्तर देण्याची सोय यांमुळे पाळीची व्यवस्था अंशतः परत आली.

स्वर कळत नसल्याने थट्टा खरी वाटण्याचा धोका आरंभापासून आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर १९८२ मध्ये खाली कोसळणाऱ्या लिफ्टमधील पाऱ्याचे काय होईल, अशी भौतिकीची गंमत रंगली होती. तिच्यातून निघालेली थट्टेची सूचना काहींना खरा इशारा वाटली. त्यावर उपाय म्हणून तेथील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबरला अपूर्णविराम, संयोगचिन्ह व कंस यांची हसरी खूण सुचवली. प्लेटोवर अक्षरांवर अक्षरे छापून चेहरे काढण्याची रीत त्याआधीची आहे. मात्र आजच्या खुणांची परंपरा सामान्यतः फालमन यांच्यापासून मानली जाते.

आशय : मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये माहिती देण्यासाठी नव्हे, तर माणसे जोडलेली राहावीत यासाठी होणाऱ्या बोलण्याचा वेगळा वर्ग केला. जेवण, झोप, हवापाणी यांवरील ऑनलाइन बोलणे याच वर्गात पडते. तंत्रज्ञान हा विषय मुळापासून आहे, कारण पहिले गप्पा मारणारे बहुधा संगणक हाताळणारेच होते.

राजकारणाबाबत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचे १९०१ मधील प्रतिपादन अजून उपयोगी पडते : वृत्तपत्रे विषय पुरवतात, पण लोकमत घडते ते आपापसांतील संभाषणात. ऑनलाइन गटांसंबंधी संशोधक मॅग्दालेना वोयचेशाक आणि डायना मुट्झ यांनी २००९ मध्ये दाखवले, की विरोधी मताशी गाठ राजकीय गटांपेक्षा छंद वा अन्य आवडीच्या गटांत अधिक पडते. राजकीय गटात समविचारी जमतात. इतरत्र माणसे वेगळ्या कारणाने आलेली असतात आणि राजकारण ओघात निघते. त्यामुळे छंदांच्या गटांतील ‘अवांतर नको’ हा नियम कितीही सोयीचा असला, तरी त्याची किंमत मोजावी लागते. संकटकाळी गप्पांची वाहिनी वार्तेचेही काम करते. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएट संघातील सत्तापालटाच्या प्रयत्नावेळी इंटरनेट रिले चॅटवरून प्रत्यक्षदर्शी वृत्ते बाहेर गेली.

अभ्यासाची साधने : इंटरनेट रिले चॅटचे सर्व्हर संभाषण साठवत नाहीत, उपलब्ध नोंदी सहभागींनी स्वतः जतन केलेल्या आहेत. साहजिकच असामान्य प्रसंग टिकले आणि रोजचे बोलणे गेले. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये दोन्ही टोकांचे कूटलेखन, म्हणजे सहभागींखेरीज कोणालाही मजकूर वाचता न येण्याची व्यवस्था, सर्व संभाषणांना लागू केल्यापासून तेथील मजकूर केवळ सहभागींकडूनच अभ्यासकांना मिळू शकतो.