पाळी बदलताना बोललेलं वाक्य

'सात नंबर रात्रभर त्रास देत होता. जपून राहा.' मनोरुग्णालयाच्या कुलूपबंद वॉर्डात रात्रपाळीची नर्स घरी जाताना एवढंच सांगून जाते. ते ऐकून सकाळच्या नर्सचे खांदे ताठतात, श्वास उथळ होतो, आवाज चढतो. तो चढलेला आवाज सात नंबरच्या कानावर पडला की त्याच्याही मेंदूतली धोक्याची यंत्रणा जागी होते. पुढची झटापट कुणी सुरू केली, हे मग सांगता येत नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मानसोपचार-शुश्रूषेचे प्राध्यापक असताना लेन बॉवर्स यांनी आखलेल्या 'सेफवॉर्ड्स' पद्धतीत हे वाक्यच बदललं आहे. पाळी सोपवताना प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची आणि तो चिडला असेल तर कशामुळे, तेही. 'घरून फोन आला नाही म्हणून दार आपटत होता. नंतर शेजारच्याला चहा नेऊन दिला.' अशा एकूण दहा सवयी आहेत. कुणाला वाईट बातमी कळणार असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, ही त्यातलीच एक.

२०१५ साली या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १५ रुग्णालयांतले ३१ वॉर्ड होते. ही पद्धत न वापरलेल्या वॉर्डांपेक्षा ती वापरलेल्या वॉर्डांत मारामारी, पळून जाणं, स्वतःला इजा असे प्रसंग १५ टक्क्यांनी, तर धरून ठेवणं, कोंडणं, शामक औषध देणं असे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले. मला हे आकडे मोलाचे वाटतात.

'इतका जीव लावला तर कर्मचारीच खचतील' ही भीती खोटी नाही. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया झिंगर या मेंदूसंशोधकांनी स्वयंसेवकांना इतरांच्या वेदनेचे व्हिडिओ दाखवले. आधी त्यांना दुसऱ्याचं दुःख स्वतःत अनुभवायला शिकवलं, तेव्हा त्यांची उदासी वाढली. मग त्याच लोकांना करुणा शिकवली, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा मनात धरायला. उदासी पूर्वपदावर आली, प्रसन्नता वाढली आणि मेंदूत आपुलकीशी, समाधानाशी जोडलेले भाग जास्त सक्रिय झाले. सहवेदना आणि करुणा या मेंदूच्या दोन वेगळ्या वाटा निघाल्या, आणि दुसरी सरावाने रुळते.

हा सराव शरीरापासून सुरू होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या करुणेवर आधारलेल्या उपचारपद्धतीत आधी संथ, लयीतला श्वास शिकवतात. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते. किल्ली कुलपात घालण्यापूर्वी एवढा अवधी मिळतोच.